रॉडच्या रीळ सीटमधला जडाव दर पावसाळ्यात का सुटतो?

हाताने बांधलेला मासेमारीचा रॉड, त्याच्या रीळ सीटचा (रीळ बसवायच्या जागेचा) इन्सर्ट, म्हणजे लाकडी नळी, सागाचा किंवा शिसवाचा, आणि त्यात शिंपल्याचा एक लांबट तुकडा जडवलेला. बसवताना सांधा असा जुळलेला असतो की नख फिरवलं तरी अडकत नाही. वर इपॉक्सीचे (दोन घटक कालवले की कडक होणाऱ्या रेझिनचे) दोन थर दिलेले असतात. मग मृगाचा पाऊस लागतो आणि महिन्या-दीड महिन्यात तुकड्याच्या कडेने केसाएवढी फट दिसायला लागते. ती भरायची, घासायची, वर पुन्हा थर द्यायचा. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी तीच फट. काही रॉडचं याच्या उलट होतं. पावसाळाभर काहीच होत नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तुकडा एका अंगाने वर उचलतो किंवा मधोमध तडकतो.

यावर नेहमी मिळणारा सल्ला म्हणजे "ग्लू चांगला वापर". कधीकधी दोष ग्लूचा असतोही. पण दरवर्षी ठरलेल्या मोसमात, ठरलेल्या जागी होणारा बिघाड बहुतेक वेळा लाकडाचा असतो, आणि आपण ज्या मोसमात दुरुस्ती करतो त्याचाही. म्हणून नवीन ग्लू आणण्याआधी भिंग घ्या आणि तुकडा कसा सुटलाय ते बघा.

फट कुठल्या कडेला आहे?

इन्सर्टमध्ये लाकडाच्या रेषा रॉडच्या लांबीने जातात. फट जर फक्त लांब कडांना असेल आणि तुकड्याची दोन्ही टोकं अजून घट्ट असतील, तर लाकूड हललंय हे जवळजवळ नक्की. लाकूड रेषेच्या दिशेने फुगत-आकसत नाही म्हटलं तरी चालेल. जे काही हलतं ते आडवं. शिंपला मात्र पाण्याने फुगत नाही आणि आकसतही नाही. चारी बाजूंनी सारखी फट असेल किंवा तुकडा अख्खा हलत असेल, तर ग्लूकडे बघायचं; ते पुढे येईलच.

लाकूड किती हलतं याचा अंदाज आकड्यांत असलेला बरा, कारण "थोडंसं हलतं" या शब्दाने कुणाचं समाधान होत नाही. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असली की लाकडात साधारण ११ टक्के पाणी राहतं. तीच आर्द्रता ८५-९० वर जाऊन आठवडेच्या आठवडे तिथेच राहिली, म्हणजे कोकणातला आषाढ-श्रावण, तर हे प्रमाण १८ ते २० टक्क्यांपर्यंत चढतं. सागात पाण्याच्या दर एका टक्क्यामागे, वाढचक्रांच्या (खोडातल्या वर्तुळांच्या) कडेकडेने मोजलं तर, रुंदी अंदाजे ०.१९ टक्क्याने वाढते. म्हणजे आठ टक्के पाणी वाढलं की रुंदीत दीड टक्का. १७ मिलिमीटर व्यासाच्या इन्सर्टमध्ये हे पाव मिलिमीटर होतं. तुकडा बसवायला कोरलेल्या ६ मिलिमीटर रुंदीच्या खाचेत, म्हणजे कोंदणात, सुमारे ०.०९ मिलिमीटर, हीच ती केसाएवढी फट.

इथे एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. लाकूड फुगलं की त्यात कोरलेलं कोंदण दाबलं जाऊन अरुंद होत नाही. आजूबाजूचं लाकूड जितक्या प्रमाणात वाढतं तितकंच कोंदणही रुंदावतं. कोरड्या दिवसांत कोरलेलं कोंदण पावसाळ्यात मोठं होतं आणि फट पडते. पावसाळ्यात कोरलेलं कोंदण कोरड्या हवेत लहान होतं, आतल्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी आवळतं, आणि त्याला वर उचलण्याशिवाय किंवा तडकण्याशिवाय जागाच उरत नाही. म्हणून बिघाडाचा मोसम बघितला की काम कुठल्या हवेत झालं होतं ते कळतं. रत्नागिरीत श्रावणात केलेली सीट पुण्याला गेली तर मार्चमध्ये तिथल्या दुपारच्या हवेत ती तडकणारच. तिथे त्या दिवसांत आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाते.

आता पावसाळ्यात फट दिसली म्हणून तेव्हाच ती इपॉक्सीने भरली तर काय होईल ते बघा. कोंदण सर्वांत रुंद असताना आपण त्यात कडक भर घातली. हिवाळ्यात कोंदण आकसलं, भर दाबली गेली, कडेचं लाकूड चेपलं किंवा ग्लूची पकड सुटली. पुढच्या जूनमध्ये फट पुन्हा हजर, या वेळी थोडी मोठी. दरवर्षी पावसाळ्यात केलेली दुरुस्ती हेच दरवर्षी पडणाऱ्या फटीचं कारण होऊन बसतं.

मग कोंदण कधी आणि कुठे कोरायचं

पावसाळ्यात लाकूडकाम करू नका, असं मी म्हणणार नाही. रॉड बांधायला निवांत वेळ तेव्हाच मिळतो. समुद्र खवळलेला असतो आणि खडपावर (किनाऱ्याच्या खडकांवर) गळ टाकून गरवायला जाणं धोक्याचं असतं. फक्त कोंदण कोरण्याआधी लाकूड वर्षाच्या मधल्या ओलाव्यावर आणून ठेवा. त्यासाठी प्लायवूडची एक पेटी पुरते. तिच्यात जुना, तापणारा पिवळा बल्ब लावायचा, खाली-वर हवा खेळायला भोकं ठेवायची आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापक टांगायचा. आत ६० ते ६५ टक्के राखलं की झालं. त्याहून कोरडं करायच्या नादाला लागू नका, नाहीतर तेच कोंदण पावसाळ्यात जास्त उघडेल.

लाकूड तयार झालं हे हाताला कळत नाही, काट्याला कळतं. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, इन्सर्टचा ठोकळा दर दोन-तीन दिवसांनी तोला आणि आकडा त्या ठोकळ्यावरच पेन्सिलीने लिहीत जा. आकडा उतरायचा थांबला की लाकूड पेटीतल्या हवेशी जुळलं. "दहा वर्षं मुरलेलं लाकूड आहे" असं सांगून विकलेल्या ठोकळ्यालाही हीच परीक्षा लावा. दहा वर्षं मुरलेलं लाकूडसुद्धा पावसाळ्यात उघड्यावर ठेवलं तर पाणी ओढतंच. मुरण्याने ते वाकायचं-पिळायचं कमी होतं, फुगायचं थांबत नाही.

जागा निवडणं तर त्याहून महत्त्वाचं आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. इन्सर्ट हातात घेऊन हळूहळू फिरवा. दोन समोरासमोरच्या अंगांवर लाकडाच्या रेषा डोंगराच्या कमानींसारख्या दिसतील आणि मधल्या दोन अंगांवर बारीक, सरळ, समांतर. कोंदण समांतर रेषांच्या अंगावर कोरा. तिथली आडवी हालचाल कमानींच्या अंगापेक्षा जवळपास निम्मी असते. कमानी दिसायला सुंदर असतात, त्यामुळे मोह तिथेच होतो. पण त्या अंगावर लाकूड तसंच मोकळं सोडलं तर त्याचं सौंदर्यही दिसतं आणि जडावही टिकतो.

आकाराचंही तसंच. रुंदी निम्मी केली की फटही निम्मी होते. ३ मिलिमीटरचे गोल ठिपके ओळीने बसवलेले वर्षानुवर्षं जसेच्या तसे राहतात. रॉडला आडवा वेढा घालणारी रुंद पट्टी हमखास सुटते. लांब आकार हवा असेल तर तो रेषेच्या दिशेने लांब ठेवा.

रुंद तुकड्याला आणखी एक अडचण असते. सीट गोल आणि शिंपला सपाट. १७ मिलिमीटर व्यासावर ६ मिलिमीटर रुंदीचा सपाट तुकडा मधोमध पृष्ठभागाला टेकवला तर त्याच्या कडा अर्धा मिलिमीटरहून थोड्या जास्त वर राहतात. घासून त्या गोलाईला आणल्या की एक मिलिमीटर जाडीच्या तुकड्याची कड अर्ध्या मिलिमीटरहून पातळ उरते. ताण सगळ्यात जास्त तिथेच येतो आणि सगळ्यात आधी ती कडच तडकते. रुंदी ३ मिलिमीटर ठेवली तर हा फरक जेमतेम ०.१३ मिलिमीटर असतो. कडा सतत टवके उडून जाताहेत अशी तक्रार असेल तर लाकडाला बोल लावण्याआधी हे मोजून घ्या.

तुकडा अख्खा निघाला असेल तर

निघालेल्या तुकड्याची पाठ उजेडात धरा. पाठीवर ग्लूचा थर आहे, तो काचेसारखा गुळगुळीत आहे आणि कोंदणाचा तळ कोरा लाकडी आहे, म्हणजे ग्लूने लाकूड धरलंच नव्हतं. साग आणि शिसव दोन्ही तेलकट. कोंदण कोरून झाल्यावर तळ ॲसिटोनने पुसायचा आणि तो उडाला की लगेच ग्लू लावायचा. रात्रभर ठेवलं तर आतलं तेल पुन्हा वर येतं. उलट ग्लू कोंदणातच राहिला आणि शिंपला कोरा निघाला, तर शिंपल्याची पाठ न खरवडता बसवली होती. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने ती पाठ पांढुरकी होईपर्यंत घासा.

दोन्हीकडे ग्लू आहे पण मध्ये मोठे रिकामे डाग दिसतात, हा तिसरा प्रकार. शिंपल्याला जन्मजात बाक असतो आणि कोंदणाचा तळ आपण सपाट केलेला असतो. तुकडा दोनच ठिकाणी टेकतो आणि बाकी पोकळ राहतं. अंगठ्याने एका टोकावर दाबल्यावर दुसरं टोक जरासं जरी उचललं तरी तो बसवू नका. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून, पाणी टाकत, पाठ सपाट करून घ्या. पाणी टाकायचं ते नुसत्या सफाईसाठी नाही. शिंपल्याची कोरडी धूळ फुप्फुसांना फार वाईट, त्यामुळे घासकाम ओलंच करा आणि तोंडाला चांगला मास्क बांधा. घरात लहान मुलं असतील तर हे काम स्वयंपाकघरात तर अजिबात नको.

शिंपल्याची गोष्ट निघालीच आहे तर एक सांगून ठेवतो. शंख-शिंपल्यांच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. किनाऱ्यावर सुंदर शंख सापडला म्हणून तो कापायला घेऊ नका. जेवणात खाल्लेल्या शिनाण्यांच्या (एक प्रकारच्या शिंपल्यांच्या) आतल्या बाजूला छान निळसर झाक असते. त्यांच्या सपाट भागातून छोटे ठिपके सहज निघतात.

ग्लू कुठला? चोवीस तासांत पक्कं होणारं संथ इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांत आळणारं इपॉक्सी पाण्यापुढे कमी टिकतं आणि तुकडा नीट बसवायला उसंतही देत नाही. सुपर ग्लू तुकडा जागेवर थांबवायला ठीक, पण तो ठिसूळ असतो. लाकूड हललं की सोबत हलत नाही, तुटतो. जोर लावून क्लॅम्प आवळला तर सगळा ग्लू बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. रबरबँडचा दाब पुरे.

मिरजेच्या सितार-तंबोऱ्यांवरचं जडावकाम बघायला मिळालं तर जवळून बघा. पूर्वी तिथे हस्तिदंत असे, आता बहुतेक सेल्युलॉइड (एक प्रकारचं प्लॅस्टिक) असतं. पातळ, किंचित वाकणारं आणि लहान लहान तुकड्यांत बसवलेलं. खाऱ्या हवेत राहणाऱ्या रॉडसाठी मला तो मार्ग शिंपल्याहून भरवशाचा वाटतो. शिंपल्याची झळाळी त्याला येत नाही हे मात्र मान्य.

पाणी आत शिरतं कुठून

वरून दोन थर दिले की लाकूड बंद झालं, हा समज फार पसरलेला आहे. इन्सर्टला आरपार भोक असतं आणि दोन उघडी टोकं असतात. टोकांकडून लाकूड बाजूंच्या कितीतरी पट वेगाने पाणी पितं. वरून चकाकी आणि आतून कोरं, अशा इन्सर्टच्या आत पावसाळाभर ओल चढत राहते. म्हणून ब्लँकवर (रॉडच्या मूळ काठीवर) चढवण्याआधीच भोकाच्या आतून आणि दोन्ही टोकांना पातळ इपॉक्सीचा हात द्या. इपॉक्सी जरा कोमट केलं की पातळ होऊन रंध्रांत उतरतं, फक्त ते लवकर आळतं हे लक्षात ठेवून थोडं थोडंच कालवा. याने ओल पूर्ण थांबणार नाही, पण तिचा वेग इतका मंदावतो की लाकडाला पावसाळ्यातली सर्वांत जास्त ओल गाठायला वेळच मिळत नाही.

या थरात बुडबुडे येत असतील तर वेळ बदला. सकाळी थर दिला की दिवस तापतो, लाकडाच्या रंध्रांतली हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून वर येते. संध्याकाळी, हवा निवायला लागल्यावर थर द्या. तीच हवा आकसते आणि इपॉक्सीला आत ओढून घेते. रॉड फिरवायला मायक्रोवेव्हच्या ताटाखाली असते ती मिनिटाला पाच-सहा फेऱ्यांची मोटर उत्तम चालते. दमट दिवसांत पृष्ठभागावर मेणचट, पांढुरकी साय आली तर ती पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या चोथ्याने निघते. ती काढल्याशिवाय दुसरा थर देऊ नका, धरणार नाही. माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले तर सिलिकॉनचा संशय घ्या. औषधाच्या सिरिंजच्या रबराला सिलिकॉनचा हात असतो, आणि इपॉक्सी मोजायला बहुतेक जण त्याच वापरतात.

दोन वेगळ्या तक्रारी

पितळेची तार किंवा ठिपका जडवला आणि भोवतीचं लाकूड हिरवट-काळं पडलं, तर ते मिठाचं काम. खाडीत जिताड्यासाठी वापरायच्या रॉडला पितळ नकोच. चांदी किंवा ३१६ दर्जाचं स्टेनलेस वापरा.

दुसरी तक्रार जडाव आडवा तडकल्याची. तुकडा लाकडात नसून ब्लँकवर, धाग्याच्या वेढ्याखाली बसवलेला असतो आणि चीर रॉडला आडवी जाते. तिथे रॉड वाकतो आणि तुकडा वाकत नाही, एवढाच अर्थ. ब्लँकवर कडक काहीही बसवायचं नाही. पक्ष्याचं पीस, रंगीत धाग्याची नक्षी, पातळ फॉइल चालेल, तेही मुठीच्या लगत, जिथे वाक कमी असतो. आणि ब्लँक कोरायचा तर कधीच नाही, कितीही पातळ खाच असली तरी. कार्बनचे तंतू तुटले की मोठा मासा लागल्यावर रॉड नेमका तिथेच मोडतो, आणि मोडलेल्या कार्बनच्या कपच्या हातात घुसतात.

आत्ता फट पडली आहे, आता काय?

पावसाळा चालू असेल तर भरू नका. पाणी आत जाऊ नये म्हणून कडेवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक पातळ हात द्या. वेळ आली की ॲसिटोनने तो निघतो. मेण किंवा सिलिकॉन चोळू नका, नंतर त्या जागी काहीच धरत नाही. खाऱ्या पाण्यावरून आल्यावर सीट गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, उघड्यावर सुकवा. ओला रॉड कापडी पिशवीत घालून आठवडाभर ठेवणं आणि उन्हात बंद गाडीत ठेवणं, दोन्ही टाळा. बंद गाडीतल्या उष्णतेने इपॉक्सी मऊ पडतं आणि चांगला बसलेला तुकडाही सरकतो.

दिवाळीनंतर रॉड पेटीत ठेवा. अख्खा रॉड बसत नसेल तर फक्त सीटचा भाग आत येईल अशी खाच पेटीला पाडा. इन्सर्ट आता सुटा तोलता येत नाही, तेव्हा फटीवर लक्ष ठेवा. ती अरुंद होत जाऊन एका जागी थांबली की लाकूड थांबलं. तेव्हाही फट उरली असेल तर तीच खरी फट, आणि तीच भरायची. त्याच लाकडाचा बारीक भुसा रॉडच्या फिनिशच्या इपॉक्सीत कालवा. ते कडक ग्लूपेक्षा लवचीक असतं, लाकडासोबत थोडं हलतं. सुईच्या टोकाने भरा, जादा राहिलेलं लगेच पुसून घ्या.

तुकडा काढावाच लागणार असेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक शिंपल्यावर थोडा थोडा वेळ टेकवत जा. खालचं इपॉक्सी मऊ होतं आणि पातळ पातं सरकवून तुकडा निघतो. मध्ये मध्ये ब्लँकला हात लावून बघा. चटका बसायला लागला की थांबा, पूर्ण निवू द्या आणि मग पुन्हा करा.

आणि कोरड्या दिवसांत फट मिटत असेल, पावसाळ्यातही नख अडकत नसेल, कडेचं लाकूड काळं पडत नसेल, तर तिला हात लावू नका. तेवढी हालचाल त्या लाकडाची आहे, आणि ती मोकळी राहिली तरच तुकडा जागेवर राहील.